विश्लेषण : दातांच्या डॉक्टरांच्या चष्म्यावर ‘दुर्बीण’ कशासाठी? लूप्समुळे रुग्णाला नेमका काय फायदा होतो?

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाल्यावर डॉक्टरांच्या चष्म्यावर बसवलेल्या दोन छोट्या नळ्या आणि कपाळावरचा दिवा आता अनेक रुग्णांच्या ओळखीचा होऊ लागला आहे. पुण्या-मुंबईतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांपुरते मर्यादित असलेले हे ‘लूप्स’ हळूहळू तालुक्याच्या गावांतल्या दवाखान्यांतही दिसतात. ‘आम्ही भिंगाखाली उपचार करतो’ अशी जाहिरातही होते. मात्र भिंगातून जास्त दिसते म्हणून उपचारही जास्त चांगला होतो, असे म्हणता येते का? आणि हा फायदा असेल, तर त्याचा खर्च एकट्या डॉक्टरने का उचलायचा?

लूप्स म्हणजे नेमके काय?

लूप्स म्हणजे चष्म्याच्या चौकटीवर बसवलेली, दोन्ही डोळ्यांसाठीची भिंगे. घड्याळजी किंवा सोनार एका डोळ्याला भिंग लावून काम करतो, तत्त्व तेच. फरक इतकाच, की येथे दोन्ही डोळे वापरात राहतात. त्यामुळे खोलीचा अंदाज कायम राहतो.

त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला ‘गॅलिलियन’. यात एक बहिर्वक्र आणि एक अंतर्वक्र भिंग असते. तो हलका असतो, सवय लवकर होते आणि साधारण अडीच ते साडेतीन पट मोठे दिसते. दुसरा ‘प्रिझमॅटिक’ किंवा ‘केप्लेरियन’. यात अनेक भिंगे आणि प्रिझम असतात. साडेतीन पटीपासून पुढे सहा-आठ पटीपर्यंत मोठे दिसते. मात्र वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

बसवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. काही लूप्स चष्म्याच्या काचेतच कायमचे बसवलेले असतात. ते एका डॉक्टरच्या मापाने बनवलेले असल्याने दुसऱ्याच्या उपयोगाचे नसतात. दुसऱ्या पद्धतीत नळ्या बिजागरीवर असतात, त्या वर उचलता येतात आणि माप बदलता येते. ते जरा जड असतात, पण सहसा स्वस्त पडतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे जमिनीवर किंवा छताला बसवलेला डेंटल मायक्रोस्कोप. कानाच्या शस्त्रक्रियेसाठी स्वीडनमधील कार्ल न्यूलेन यांनी १९२१ साली सूक्ष्मदर्शक वापरला. दंतवैद्यकात त्यासाठी खास बनवलेले यंत्र यायला १९८० चे दशक उजाडले. आज अमेरिकेत रूट कॅनाल विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला मायक्रोस्कोपचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. ही अट १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली.

दात तर डोळ्यांसमोरच असतात, मग भिंग कशाला?

निरोगी डोळ्याला जवळून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. आता रूट कॅनालमध्ये वापरली जाणारी १० नंबरची फाइल घ्या. तिच्या टोकाची जाडी ०.१० मिलिमीटर असते. म्हणजे ज्या छिद्रात ही फाइल घालायची, ते छिद्र डोळ्यांच्या क्षमतेच्या अगदी कडेवर असते. दाताला गेलेली बारीक चीर, कॅपची कड आणि दात यांच्यातली फट, जुन्या फिलिंगच्या बाजूने लागलेली कीड या गोष्टीही याच मापातल्या.

त्यात काम करायचे ते तोंडाच्या अंधाऱ्या पोकळीत, लाळ आणि पाण्याच्या फवाऱ्यात. वरच्या दाढा तर बहुतेक वेळा छोट्या आरशात बघूनच कराव्या लागतात.

दुसरा मुद्दा वयाचा. मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, ते उगाच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. दंतवैद्यही याला अपवाद नाहीत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्यांची जवळची नजर तपासली. त्यात चाळिशीनंतर नजर कमी झालेली आढळली आणि लूप्सने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघत असल्याचे दिसले. अडचण अशी, की हा बदल इतका हळू होतो की अनेकांना तो स्वतःला कळत नाही. अनुभवी हात सवयीने काम करत राहतो.

रूट कॅनालमध्येच लूप्सची इतकी चर्चा का?

आपल्याकडे ज्याला ‘नस काढणे’ म्हणतात, तो उपचार म्हणजे दाताच्या मुळांतल्या सगळ्या नलिका शोधणे, स्वच्छ करणे आणि बंद करणे. यातला ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. एखादी नलिका राहून गेली तर तिच्यात जंतू राहतात. वर कॅप बसते, पैसे दिले जातात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दाढ पुन्हा ठणकू लागते.

याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे वरची पहिली मोठी दाढ. तिला तीन मुळे असतात. पण गालाकडच्या पुढच्या मुळात अनेकदा आणखी एक, चौथी नलिका दडलेली असते. दंतवैद्य तिला ‘एमबी-टू’ म्हणतात. तिचे तोंड अतिशय बारीक असते आणि बऱ्याचदा दाताच्या थराखाली झाकलेले असते.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरच्या दाढांच्या ३१२ रूट कॅनाल उपचारांची नोंद तपासली गेली. मायक्रोस्कोप वापरणाऱ्यांना ही नलिका ५७.४ टक्के दातांत सापडली. लूप्स वापरणाऱ्यांना ५५.३ टक्के दातांत. आणि उघड्या डोळ्यांनी काम करणाऱ्यांना फक्त १८.२ टक्के दातांत.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, भिंग असणे आणि नसणे यांतला फरक फार मोठा आहे. दुसरी, या एका कामापुरते पाहिले तर लूप्स महागड्या मायक्रोस्कोपच्या बरेच जवळ जातात. ज्या देशात बहुतेक दवाखाने एक-दोन खुर्च्यांचे आहेत, तिथे ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अर्थात, या अभ्यासात कोणी काय वापरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. भिंग वापरणारा डॉक्टर मुळातच चौथी नलिका जास्त चिकाटीने शोधत असेल, हीही शक्यता उरते.

मग लूप्समुळे उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण वाढते का?

नलिका सापडणे ही एक गोष्ट आणि पाच वर्षांनंतर दाढ शाबूत असणे ही दुसरी. जाहिरातींत या दोन्हींची सरमिसळ होते.

वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने रूट कॅनालमधील भिंगांच्या वापराचा आढावा २००९ मध्ये घेतला आणि २०१५ मध्ये तो अद्ययावत केला. दोन्ही वेळा निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी सापडली नाही. म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटावर भिंगाने आणि दुसऱ्यावर भिंगाविना उपचार करायचे आणि निकाल ताडून पाहायचे, असा पक्का पुरावा त्या वेळी उपलब्ध नव्हता.

याचा अर्थ भिंगाचा फायदा नाही, असा होत नाही. अशी चाचणी घेणेच अवघड आहे. भिंगाने जास्त दिसते हे माहीत असताना अर्ध्या रुग्णांवर उघड्या डोळ्यांनी उपचार करायला आज किती तज्ज्ञ तयार होतील, हा प्रश्नच आहे. दाताच्या मुळाच्या टोकावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेबाबत मात्र थोडा अधिक पुरावा आहे. २०१२ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात मायक्रोस्कोपखाली केलेल्या शस्त्रक्रियांचे यश सुमारे ९४ टक्के, तर लूप्सने किंवा भिंगाविना केलेल्या आधुनिक पद्धतीच्या शस्त्रक्रियांचे सुमारे ८८ टक्के आढळले.

थोडक्यात, लूप्सने जास्त दिसते हे पक्के आहे. जास्त दिसल्यामुळे काम अधिक अचूक होते, असे मानायला सबळ कारणे आहेत. पण ‘आमच्याकडे लूप्स आहेत, म्हणून उपचार शंभर टक्के यशस्वी’ असा दावा कोणी करत असेल, तर त्याला आधार नाही.

डॉक्टरांच्या मानेचा याच्याशी काय संबंध?

लूप्सच्या बाजूचा दुसरा मोठा युक्तिवाद रुग्णाच्या दाताचा नाही, डॉक्टरच्या मणक्याचा आहे. नीट दिसत नसेल तर माणूस वाकतो. दंतवैद्य दिवसाचे कित्येक तास मान खाली घालून आणि एका बाजूला कलून बसतो. दंतक्षेत्रात काम करणाऱ्यांच्या स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यांवरील अभ्यासांचा एक आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अभ्यासांत असा त्रास असणाऱ्यांचे प्रमाण ६४ ते ९३ टक्के होते. मान, पाठ, खांदे आणि मनगट ही दुखण्याची नेहमीची ठिकाणे.

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकीय प्रारूपावरून एक अंदाज मांडला. मान १५ अंश झुकली की मणक्यावर सुमारे १२ किलोचा, तर ६० अंश झुकली की सुमारे २७ किलोचा भार येतो. हा अभ्यास मोबाइल पाहताना होणाऱ्या स्थितीबद्दल गाजला, पण गणित मानेचे आहे. समोर मोबाइल आहे की रुग्णाची दाढ, याने त्यात फरक पडत नाही.

लूप्स येथे लगामासारखे काम करतात. प्रत्येक जोडीचे ‘कामाचे अंतर’ ठरलेले असते. डॉक्टरची उंची आणि बसण्याची पद्धत यांनुसार ते साधारण ३५ ते ५० सेंटिमीटर असते. त्यापेक्षा जवळ वाकले की चित्र धूसर होते. त्यामुळे डॉक्टरला सरळ बसावेच लागते. अलीकडे ‘अर्गोनॉमिक’ म्हणून ओळखले जाणारे लूप्सही आले आहेत. त्यांतला प्रिझम प्रकाश वळवतो. डॉक्टर सरळ समोर बघतो आणि त्याला खाली असलेले तोंड दिसते. ते जास्त महाग असतात आणि नजर एकीकडे, हात दुसरीकडे अशी सवय व्हायला वेळही जास्त लागतो.

चुकीच्या मापाचे लूप्स घेतले तर?

खरी गोम इथे आहे. दोन बाहुल्यांमधले अंतर, कामाचे अंतर आणि नळ्या किती अंशांनी खाली झुकवायच्या, ही तीन मापे डॉक्टरच्या अंगाला जुळली पाहिजेत. नळ्यांचा खालचा कोन कमी असेल तर डोळे खाली न वळवता पूर्ण मानच वाकवावी लागते. काम करताना मान २० ते २५ अंशांपेक्षा जास्त झुकू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. मापे चुकली तर मान वाचवण्यासाठी घेतलेले साधन तिचे दुखणे वाढवते. बाहुल्यांमधले अंतर जुळले नाही तर दोन प्रतिमा दिसणे, डोके दुखणे हे त्रास होतात.

मोठे दिसण्यालाही किंमत असते. पट वाढली की दिसणारा भाग लहान होतो, प्रतिमा अंधारते आणि डोके किंचित हलले तरी चित्र धूसर होते. म्हणूनच नवख्यांना बहुधा अडीच ते साडेतीन पटीपासून सुरुवात करायला सांगितले जाते आणि सोबत कपाळावरचा एलईडी दिवा लागतो. या दिव्याची आणखी एक गंमत आहे. पांढरे फिलिंग प्रकाशाने घट्ट होते. प्रखर दिव्याखाली ते डॉक्टर आकार देण्याआधीच घट्ट होऊ लागते. त्यासाठी दिव्यावर नारिंगी फिल्टर ओढावा लागतो.

‘लूप्स वापरल्याने डोळ्यांचा नंबर वाढतो’ ही भीती मात्र दंतवैद्यांमध्ये अकारण आहे. चाळिशी वयाने येते. लूप्सची सवय झाली की उघड्या डोळ्यांनी काम अपुरे वाटू लागते, हे खरे. पण तो नजर बिघडल्याचा परिणाम नाही, तुलना कळल्याचा आहे.

जास्त दिसणे नेहमीच चांगले का?

नाही. बर्न विद्यापीठातीलच संशोधकांनी २०१५ साली कीड ओळखण्याच्या कामात वेगवेगळ्या पटींच्या भिंगांची तुलना केली. मोठ्या पटीखाली पाहिल्यावर दाताच्या खाचा अधिक किडलेल्या वाटल्या आणि उपचाराचा निर्णय दात कोरण्याकडे झुकला. सुरुवातीची कीड फ्लोराइड, स्वच्छता आणि नियमित तपासणी यांवर थोपवता येते. तिथे ड्रिल चालवणे म्हणजे शाबूत दात गमावणे.

त्यामुळे दात कोरायला घेतल्यावर भिंग उपयोगाचे, पण दात कोरायचा की नाही हे ठरवताना मोठ्या पटीचे भिंग दिशाभूल करू शकते. एक्स-रे, रुग्णाचा इतिहास आणि आहाराच्या सवयी यांची जागा ते घेत नाही. भिंगाखालचा डाग रुग्णाला मोठ्या पडद्यावर दाखवला की तो घाबरतो आणि लगेच ‘हो’ म्हणतो. दातांचे बहुतांश उपचार खिशातून होतात. अशा वेळी हा मुद्दा केवळ शास्त्रीय राहत नाही.

खर्च किती आणि तो कोण उचलतो?

बाजारात ऑनलाइन मिळणारे साधे, बहुधा चिनी बनावटीचे बिजागरीचे लूप्स काही हजार रुपयांत येतात. नामांकित युरोपीय-अमेरिकी कंपन्यांचे, मापाने बनवलेले लूप्स दिव्यासह लाखाच्या पुढे सहज जातात. मायक्रोस्कोपचा खर्च त्याहून कितीतरी अधिक.

हा खर्च डॉक्टरचा. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात वगळता दवाखान्यात होणारे दातांचे उपचार येत नाहीत. रूट कॅनालचे दर शहर, दाढ आणि दवाखाना यांनुसार बदलतात, पण त्यात ‘भिंगाने केले’ म्हणून वेगळा दर सहसा नसतो. शेजारच्या गल्लीतला दवाखाना कमी पैशांत तोच उपचार करत असेल, तर रुग्णाला फरक दिसत नाही. सुटलेली नलिका कळायला काही वर्षे जातात आणि तोवर डॉक्टरही बदललेला असतो.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. अनेक दवाखान्यांत रूट कॅनालसाठी बाहेरून ‘कन्सल्टंट’ येतो. आपले लूप्स आणि फाइल्स बॅगेत घेऊन तो दिवसाला तीन-चार दवाखाने करतो. दवाखान्याचा मालक गुंतवणूक करत नाही आणि कन्सल्टंट ती स्वतःच्या मानेसाठी करतो. नुकता बीडीएस झालेला आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर काम करणारा तरुण मात्र या साखळीत सर्वांत मागे राहतो. दंत परिषदांमधील प्रदर्शनांत स्टॉलवर उभ्या-उभ्या माप देऊन हप्त्यावर लूप्स घेणे किंवा स्वस्तातली ऑनलाइन जोडी मागवणे, हेच त्याच्यापुढचे पर्याय. त्यातली मापे चुकण्याची शक्यता सर्वाधिक त्याच्याच वाट्याला येते.

अभ्यासक्रमातून हे सुटू शकते का?

देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. महाराष्ट्रातील दंत महाविद्यालयांच्या परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत होतात. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना मायक्रोस्कोपची ओळख होते. पण देशातले बहुसंख्य दंतवैद्य बीडीएस आहेत आणि बहुतेक रूट कॅनालही त्यांच्याच खुर्चीवर होतात. त्या पाच वर्षांत भिंग घालून काम करणे हे प्रत्येकाला शिकावेच लागेल, असे कौशल्य नाही.

सवयी मात्र याच वर्षांत लागतात. वाकून काम करणारा विद्यार्थी पुढची तीस वर्षे वाकूनच काम करतो. लूप्सशी जुळवून घ्यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. धावत्या दवाखान्यात तेवढा वेळ काढणे कठीण असते, महाविद्यालयात तुलनेने सोपे.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. त्यात शिक्षण, महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि नोंदणी-नीतिमत्ता यांसाठी तीन स्वतंत्र मंडळांची तरतूद आहे. अभ्यासक्रम आणि किमान सुविधांचे निकष ठरवणे हे यातील शिक्षण मंडळाचे काम. त्यामुळे भिंग, दिवा आणि बसण्याची योग्य पद्धत यांचा समावेश बीडीएसमध्ये करायचा का, हा प्रश्न मांडायला आता जागा आहे.

पण नुसती सक्ती केली तर बोजा विद्यार्थ्यांवरच पडेल. बीडीएसचे विद्यार्थी आधीच अवजारांची मोठी यादी स्वतःच्या पैशांनी घेतात. अमेरिकेत अनेक दंत महाविद्यालयांत लूप्स विद्यार्थ्यांनाच विकत घ्यावे लागतात आणि तो खर्च शैक्षणिक कर्जात जमा होतो. त्यापेक्षा मापे बदलता येणारे बिजागरीचे लूप्स महाविद्यालयाने घेऊन ठेवणे आणि विद्यार्थ्यांची मापे प्रशिक्षित व्यक्तीकडून घेणे, हा मार्ग मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांनाही झेपण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला आपले माप आणि गरज कळली, की पुढची खरेदी तो विक्रेत्याच्या शब्दावर करणार नाही.

रुग्णाने काय पाहावे?

डॉक्टरच्या चष्म्यावर नळ्या आहेत की नाहीत, एवढ्यावरून दवाखाना निवडू नये. वर्षानुवर्षे उत्तम काम करणारे अनेक दंतवैद्य लूप्सविना काम करतात आणि लूप्स घालूनही घाईत काम करता येते. रूट कॅनालआधी आणि नंतर एक्स-रे काढला जातो का, दाताभोवती रबर डॅम लावला जातो का, अवजारे निर्जंतुक केलेल्या पाकिटातून काढली जातात का, या गोष्टी अधिक बोलक्या आहेत.

वरच्या दाढेचे रूट कॅनाल असेल तर एक साधा प्रश्न विचारता येतो : ‘डॉक्टर, चौथी नलिका आहे का पाहिलंत?’ तो विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्तर देताना डॉक्टर एक्स-रे दाखवून समजावत असेल, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवायला तयार असेल, तर रुग्णाला हवी असलेली माहिती त्यातच मिळते.